मस्टरवर नाव नसलं तरी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्यात आई चौदा वर्षं शिलाई आणि घडीचं काम करत होती. मजुरी डझनावर, दर शनिवारी रोख. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपली आणि मालकाने सांगितलं, "माल कमी आहे, सोमवारपासून येऊ नका." हिशेब मागितला तेव्हा मुनीम म्हणाला, "तुम्ही पीसवर होता, कामगार नव्हता. मस्टरवर तुमचं नाव कधी नव्हतंच. उलट वीस हजारांची उचल तुमच्याकडूनच येणं आहे." नेमणूक पत्र नाही, पगाराची चिठ्ठी नाही, पीएफ नाही. मुलगा विचारतोय, काही करता येईल का, की सोडून द्यावं?

सोडून देऊ नका. मी सव्वीस वर्षं याच शहरात कामगारांचे खटले चालवते आणि "मस्टरवर नाव नाही" हे वाक्य ऐकलं नाही असा महिना आठवत नाही. ते इतक्या ठामपणे म्हटलं जातं की समोरची बाई मान खाली घालून निघून जाते. पण मस्टर, म्हणजे हजेरीपट, ठेवणं हे मालकाचं काम होतं. त्याने ते केलं नाही याची शिक्षा तुमच्या आईला कशी होईल?

कामगार ठरतो तो कामावरून, कागदावरून नाही. हे आधी डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

पीसरेटचा, म्हणजे नगावर मिळणाऱ्या मजुरीचा मुद्दा आधी संपवते. सर्वोच्च न्यायालयात १९७३ साली सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस नावाच्या शिलाईच्या दुकानाचा खटला निकाली निघाला. तिथले शिंपी कपड्यामागे पैसे घेत. काही जण कापड घरी नेऊन शिवत. काम नसलं की दुकान बंद व्हायच्या आधी निघून जात. मालकाचं म्हणणं होतं, हे माझे नोकर नाहीत, स्वतंत्र कारागीर आहेत. न्यायालयाने पाहिलं ते वेगळंच. यंत्रं कुणाची? दुकानाची. शिलाई पसंत पडली नाही तर परत उसवून शिवायला कोण लावतं? मालक. मग ते कामगार. आता हेच प्रश्न आईला विचारा. शिलाई मशीन कुणाचं होतं? दोरा कोण द्यायचं? हेमिंग वाकडं गेलं तर तागा कोण परत फेकायचं आणि त्या डझनाची मजुरी कोण कापायचं? सकाळी नऊनंतर आलं तर कोण बोलायचं? उत्तरं मला इथे बसून माहीत आहेत.

आपल्या शहरात याचं आणखी जवळचं उदाहरण आहे. विडी कामगार बाया. पानं आणि तंबाखू कारखान्यातून आणायची, घरच्या उंबऱ्यात बसून विड्या वळायच्या, ट्रे घेऊन परत जायचं, तपासणाऱ्याने 'छाट' काढायची, म्हणजे नापसंत विड्या बाजूला टाकायच्या, उरलेल्याची हजारावर मजुरी. मालकाच्या छपराखाली त्या बसतसुद्धा नाहीत. तरी त्यांच्याकडे पीएफचा नंबर आहे, म्हातारपणी पेन्शन आहे. ती पुष्कळ जणींना महिन्याला हजारभर रुपयेच मिळते आणि त्यात काहीही भागत नाही हे खरं, पण हक्क आहे. तो आपोआप आला नाही. १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी बसून वळणारीला कामगार मानलं, मालक त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, १९७४ साली कायदा टिकला. पीएफसाठी पुन्हा वेगळी लढाई झाली, १९८५ साली तीही कामगारांच्या बाजूने गेली. घरी काम करणारी बाई कामगार ठरते, तर मालकाच्या शेडमध्ये, मालकाच्या मशीनवर चौदा वर्षं बसणारी कशी ठरत नाही?

आता उचलीबद्दल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेल्या पैशांबद्दल. मुनीमाने ती काढली तुम्हाला घाबरवायला, पण मला विचाराल तर त्याने तुमच्या हातात पहिला पुरावा दिलाय.

विचार करा. रस्त्यावरच्या अनोळखी बाईला कुणी वीस हजार देतं का? उचलीची वही असणार. त्यात आईचं नाव असणार, बहुतेक अंगठा किंवा सही असणार, आणि दर शनिवारी मजुरीतून शंभर-दोनशे वळते केल्याच्या नोंदी असणार. चौदा वर्षांच्या कामाचा एकही कागद ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडे उचलीचा मात्र कागद आहे! तो त्याला न्यायालयात दाखवायचाय? दाखवू दे. मजुरीतून वळती केली म्हणजे मजुरी होती. दर आठवड्याला केली म्हणजे दर आठवड्याला काम होतं. म्हणून "उचल घेतलीच नव्हती" असं आईला खोटं बोलायला लावू नका. घेतली होती, त्यातली इतकी फिटली, असं सरळ सांगा. मात्र मुनीमाकडून उरलेल्या उचलीचा हिशेब लेखी मागा. व्हॉट्सअॅपवर मागितला तरी चालेल, उलट बरं. तो "अजून इतके बाकी" असं लिहून पाठवेल तो संदेश जपून ठेवा, फोन बदलला तरी जाणार नाही अशा ठिकाणी.

उचल आहे म्हणून मजुरी पूर्ण अडवता येत नाही. वेतन संहितेनुसार सगळ्या कपाती मिळून एका वेळच्या वेतनाच्या निम्म्याच्या वर जाऊ शकत नाहीत. आणि "आधी उचल फेड, मगच दुसरीकडे जा" असं म्हणून किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेतलं, तर ती वेठबिगारी होते. त्यासाठी १९७६ चा वेगळा कायदा आहे. १९८२ साली दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनाहून कमी देऊन काम करून घेणं हीच सक्तीची मजुरी, घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाचा भंग. हा निकाल कामगार चळवळीतल्या प्रत्येकाला पाठ असायला हवा असं मला फार वाटतं.

कायदा कुठला लागू होईल ते सांगते, कारण यात सध्या सगळीकडे गोंधळ आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता देशभर लागू झाल्या: वेतन, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षा-आरोग्य. किमान वेतन, बोनस, ग्रॅच्युइटी, पीएफ, ईएसआय (कामगार राज्य विमा), कारखाना कायदा असे जुने एकोणतीस कायदे त्यांत गेले. आईला जानेवारीत काढलं, म्हणजे काढण्याचा वाद नव्या संहितेखाली येतो. त्याआधीच्या महिन्यांच्या थकबाकीचं कसं मांडायचं ते तारखा बघून वकील ठरवेल. नव्या संहितांमध्ये कामगाराच्या तोट्याच्याही गोष्टी आहेत. वीज वापरणाऱ्या कारखान्याला पूर्वी १० कामगारांपासून कारखान्याचे नियम लागत, आता २० पासून. संपाआधी १४ दिवसांची नोटीस आता सगळ्यांनाच द्यावी लागते. मी या बदलांच्या विरोधात आहे आणि लपवत नाही. पण वेतन संहितेतल्या काही कलमांनी तुमच्या आईसारख्या बाईचा हात नक्की बळकट केलाय, आणि ती वापरायची नाहीत असं कुणी सांगितलं?

त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही की वेतन संहितेला कामगारांच्या संख्येची अट नाही. एकच बाई कामाला असली तरी किमान वेतन लागू. पूर्वी सरकारच्या यादीत तो धंदा असावा लागे, आता तीही अट गेली. पीसरेटवर असणाऱ्यालाही हेच. डझनाचा दर ठरलेला नसेल आणि दिवसाचं किमान वेतन ठरलेलं असेल, तर दिवसभर काम करून घेतल्यावर निदान तेवढे पैसे हातात पडले पाहिजेत. मुनीम म्हणेल, "तिचा हातच हळू होता." त्यावर विचारा, मग चौदा वर्षं का ठेवली?

किमान वेतनाचा आकडा मी इथे लिहीत नाही. महाराष्ट्रात विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत बदलतो, आणि धंदा, परिमंडळ, कुशल-अर्धकुशल यावर आकडा ठरतो. सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात चालू दराचा तक्ता मिळतो. तो घ्या आणि आईला शनिवारी मिळणाऱ्या पैशांशेजारी ठेवून बघा. बहुतेक वेळा हा कागद बघूनच घरातलं माणूस गप्प होतं. कारण तोवर सगळ्यांना वाटत असतं की प्रश्न फक्त काढून टाकल्याचा आहे.

दुसरी गोष्ट दाव्याच्या मुदतीची. जुन्या किमान वेतन कायद्यात थकबाकीचा अर्ज सहा महिन्यांत करावा लागे. गरीब माणसाला सहा महिने कळायलाच लागतात. आता तीन वर्षांची मुदत आहे. अर्ज एकटीने करता येतो, संघटनेमार्फत करता येतो, आणि कितीही जणींचा मिळून एकच करता येतो. कमी दिलेली रक्कम तर द्यावीच लागते, वर तिच्या दहापटीपर्यंत भरपाई लावायचा अधिकार त्या प्राधिकाऱ्याला आहे. दहापट मिळताना मी पाहिलेलं नाही आणि तशी आशा तुम्हाला लावणार नाही, पण समोरचा वकील तडजोडीला बसतो तो या तरतुदीमुळे.

तिसरी गोष्ट. पैसे दिले होते हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. आई तिथे काम करत होती एवढं तुम्ही दाखवायचं, पूर्ण वेतन दिलं हे त्याने दाखवायचं. आणि त्याच्याकडे तर मस्टरच नाही!

मग आई तिथे काम करत होती हे दाखवायचं कसं? इथे मला जरा थांबू द्या, कारण खटले इथे जिंकले किंवा हरले जातात.

काही वर्षांपूर्वी नीलम नगरची एक बाई माझ्याकडे आली होती. काम तुमच्या आईचंच. पदराखालून तिने शंभर पानी शाळेची वही काढली. मुलीची जुनी वही होती, पुढे पेन्सिलीत पाढे आणि मागून सुरुवात करून तिने तेलुगूत लिहिलेलं. प्रत्येक ओळीत तारीख, मापं, किती डझन, आणि शनिवारी किती मिळाले. वहीला हळदीचे डाग, कोपरे कुरतडलेले. मी विचारलं, हे का लिहायचीस? ती म्हणाली, "अक्का, मुनीम डझन चुकवायचा, म्हणून." खटल्यासाठी नाही, शनिवारच्या भांडणासाठी.

मालकाच्या वकिलाने उलटतपासणीत तिला दोन तास धरलं. वही मागाहून लिहिली, सगळ्या ओळी एका बैठकीतल्या आहेत, असं त्यांचं म्हणणं. आम्ही न्यायालयाकडून कारखान्याची माल पाठवल्याची चलनं मागवली. ती तर मालकाला कर भरण्यासाठी ठेवावीच लागतात. एका तारखेला वहीत लिहिलं होतं, "रात्री अकरापर्यंत, मोठा माप, सगळ्याजणी." दुसऱ्या दिवशी सकाळचं चलन निघालं, मोठ्या मापाच्या टॉवेलचं, परदेशी जाणाऱ्या मालासाठी मुंबईला पाठवलेलं. अशा सात तारखा जुळल्या. ज्या बाईला मराठी सहीसुद्धा नीट करता येत नव्हती तिची वही मालकाच्या छापील चलनांशी जुळली. मुद्दा तिथेच संपला.

तुमच्या आईकडे वही नसेल, तर दुसरं बघा. दिवाळीला कारखान्यात काढलेला एकत्र फोटो. मुनीमाचा "उद्या लवकर या" असा संदेश. मालकाने मुलीच्या लग्नात दिलेल्या आहेराची चिठ्ठी. डोळे तपासायच्या शिबिराला कारखान्याने नेलं असेल तर तिथला केसपेपर. एखाद्या महिन्यात पैसे फोनवर आले असतील तर बँकेचं पासबुक. जवळच्या चहावाल्याची उधारीची वही, त्यात "कारखाना, शिलाईवाल्या" असं लिहिलेलं असतं. आणि सगळ्यात मोलाची, बरोबरच्या दोन बायांची साक्ष. अजून कामावर आहेत त्या घाबरतील, हे धरून चाला. ज्या सोडून गेल्या आहेत त्यांना शोधा.

इथे कायद्याची एक अडचण आहे ती सांगून ठेवते. काढून टाकल्याबद्दल दाद मागताना वर्षात २४० दिवस काम केलं हे दाखवण्याचा भार कामगारावर आहे. मालकांचे वकील हा मुद्दा पहिला काढतात. पण सर्वोच्च न्यायालयानेच २००५ च्या एका निकालात स्पष्ट केलं की रोजंदारीवरच्या माणसाकडे कागद नसणारच. त्याने शपथेवर साक्ष द्यायची आणि मालकाकडची मस्टर, पगारपुस्तकं हजर करायची मागणी करायची. ती मागणी लेखी केली पाहिजे. पुष्कळ नवे वकील इथे चुकतात: साक्ष देतात, मागणीचा अर्ज देत नाहीत, आणि मग वर अपिलात प्रकरण कोसळतं. तुमच्या वकिलाला हे आठवणीने विचारा, त्यांना राग आला तरी.

पीएफ आणि ईएसआयबद्दल. ईएसआय साधारण १० कामगारांपासून, पीएफ २० पासून. आता आपल्याकडची जुनी युक्ती बघा. एकाच पत्र्याखाली तीन बोर्ड. पुढच्या भागात लूम नवऱ्याच्या नावावर, शिलाई बायकोच्या, पॅकिंग भावाच्या. प्रत्येकाकडे कागदोपत्री आठ-नऊ कामगार. कायद्याला हे दिसत नाही असं नाही. मुनीम एकच आहे का, आज शिलाईवर बसलेल्या बाईला उद्या पॅकिंगला पाठवतात का, टॉवेलवर लेबल एकच लागतं का, एक भाग बंद पडला तर दुसरा चालेल का, हे बघून तिन्ही मिळून एकच आस्थापना धरता येते. सोलापुरात पीएफचं कार्यालय आहे, तिथे तक्रार द्या, चौकशी लागते. नव्या संहितेत अशी चौकशी सुरू करायला पाच वर्षांची मर्यादा घातली आहे, म्हणून "बघू पुढे" असं करू नका. बोर्डांचे फोटो आजच काढा. प्रकरण सुरू झालं की बोर्ड बदलतात.

ग्रॅच्युइटीचा हिशेब हातावर करून दाखवते. गेल्या बारा महिन्यांत एखाद्या दिवशी जरी १० जण कामाला असतील तर ती लागू, आणि एकदा लागू झाली की संख्या पुढे घटली तरी सुटत नाही. पाच वर्षं सलग पुरी झाली पाहिजेत, आईची चौदा आहेत. पीसरेटवाल्यासाठी शेवटच्या तीन महिन्यांच्या मजुरीची दिवसाची सरासरी काढतात. समजा ती ३५० रुपये आली. दर वर्षाला १५ दिवसांचे, म्हणजे ५,२५० रुपये. चौदा वर्षांचे ७३,५००. किमान वेतनाचा दर याहून जास्त असेल, आणि तो असतोच, तर आम्ही त्याच दराने मागणी लावतो. कमी दिलेल्या मजुरीवर ग्रॅच्युइटीही कमी, असा दुहेरी फायदा मालकाला का द्यायचा? "मध्ये तीन महिने वीज आणि सूत यामुळे शेड बंद होतं, सेवा तुटली" असं मुनीम म्हणेल. शेड मालकाने बंद ठेवलं, आईने नाही. त्याने सेवा तुटत नाही.

काढून टाकलं त्याचं वेगळं. "माल कमी आहे" म्हणून काढणं याला कामगार-कपात म्हणतात. वर्षभर सलग काम केलेल्याला एक महिन्याची नोटीस किंवा तिचा पगार, आणि दर वर्षाला १५ दिवसांची सरासरी मजुरी भरपाई, हे आधी द्यावं लागतं. शिवाय शेवटी आलेल्याला आधी काढायचं असतं. आईला घरी बसवून गेल्या वर्षी आलेल्या दोघी अजून शिलाईवर असतील तर ते लिहून ठेवा. आणि काढल्यापासून दोन कामकाजी दिवसांत राहिलेली मजुरी चुकती करायची असते, ती तर केलेलीच दिसत नाही.

यासाठी सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करा. ४५ दिवसांत तोडगा निघाला नाही तर तुम्ही थेट न्यायाधिकरणात जाऊ शकता. काढल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत. जुन्या कायद्यात तीन होती, आता दोन. वेतनाच्या दाव्याला तीन वर्षं आणि काढण्याच्या दाव्याला दोन, यात गल्लत करू नका. माझ्याकडे गेल्या महिन्यात आलेले एक काका यातच फसता फसता राहिले.

वकिलाच्या फीचं काय, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही पण मनात असणार. १९८७ च्या विधी सेवा कायद्याने स्त्रीला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. औद्योगिक कामगारालाही मिळतो. आई दोन्ही आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे, १५१०० या नंबरवरही विचारता येतं. मिळालेला वकील कामगार प्रकरणं चालवणारा आहे का हे मात्र विचारून घ्या. नसेल तर बदलून मागा.

एक सावधगिरी. तक्रार गेली की निरोप येतो, "येऊन दहा-पंधरा हजार घेऊन जा, घरचंच आहे." आईला एकटीला पाठवू नका. तिथे रेव्हेन्यू तिकीट लावलेला कागद असतो, त्यावर "सर्व हिशेब भरून पावले, स्वखुशीने काम सोडले" असं टाइप केलेलं असतं, आणि चहा आलेला असतो. चौदा वर्षं ज्याला मालक म्हटलं त्याच्यासमोर नाही म्हणणं फार जड जातं. मी कितीतरी चांगली प्रकरणं त्या एका अंगठ्यावर संपताना पाहिली आहेत. तडजोड वाईट नाही, पुष्कळदा मीच करवते, कारण नीलम नगरच्या त्या बाईला निकाल मिळायला साडेचार वर्षं लागली आणि तोवर तिचे डोळे शिलाईला चालेनासे झाले होते. पण तडजोड समेट अधिकाऱ्यासमोर, आकडे फोड करून, बँकेत पैसे जमा झाल्यावर. उचल त्यातून वळती करायला तयार व्हा, ते तुमच्या प्रामाणिकपणाचंही दिसतं आणि मालकालाही कागदावर काहीतरी मिळाल्याचं समाधान होतं.

आई म्हणेल, "एवढी वर्षं त्यांच्याकडे जेवलो, कशाला भांडायचं." हे मी फार ऐकते आणि मला त्याचा राग येत नाही. पूर्व भागातले पुष्कळ मालक कालपर्यंत स्वतः मागावर बसणारे होते, एकाच गल्लीतले, एकाच देवळातले. सगळे लुबाडणारे नाहीत. सुताचा भाव, विजेचं बिल, व्यापाऱ्याची थकबाकी यात तेही दबलेले असतात. पण ते ओझं सगळ्यात शेवटी डझनाच्या दरावर उतरतं, आणि तिथे तुमची आई बसलेली असते. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली, आठ जण गेले, मालकाचं कुटुंबही त्यातच. त्यानंतर मी ज्या ज्या शेडमध्ये गेले तिथे मागचं दार उघडतं का ते आधी बघते. दोन ठिकाणी दारासमोर गाठोडी रचलेली होती. आईच्या बरोबरच्या बायांना एवढं तरी जरूर विचारा, त्यांच्या शेडला दुसरं दार आहे का. नसेल तर त्याची तक्रार वेगळी द्या, नाव गुप्त ठेवायला सांगून.

पूर्वी जुनी मिल, नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू चालू होत्या तेव्हा प्रत्येकाला तिकीट नंबर होता. माझ्या वडिलांचा नंबर मला अजून पाठ आहे. मिलवर त्यांचा राग असायचा, पण आपण तिथे आहोत हे सिद्ध करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही. मिल बंद झाल्या, काम शेडमध्ये आणि घराघरांत पांगलं, आणि नंबर गेला. बरोबरच्या बायांनी मिळून संघटना नोंदवायची म्हटली तर सात जणींपासून अर्ज करता येतो. शहरात विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या जुन्या संघटना आहेत, त्यांच्याकडे गेलात तरी चालेल. एकटीच्या अर्जावर मुनीम हसतो. सात जणींच्या अर्जावर मालक स्वतः फोन करतो, हे मी दर वेळी पाहिलंय.

आता आज संध्याकाळी करायचं काम. आईजवळ वही घेऊन बसा. तारखा विचारू नका, तिला आठवणार नाहीत आणि ती घाबरेल. कामाला लागलीस तेव्हा मी कितवीत होतो, असं विचारा. पहिल्यांदा डझनाचा दर वाढला तो कुठल्या दिवाळीला, कुणाच्या बाळंतपणानंतर किती दिवसांनी परत गेली, कोरोनात शेड कधी बंद झालं आणि कुणी बोलावून घेतलं, तिच्या डाव्या-उजव्या मशीनवर कोण बसायचं. तिच्या शब्दांत लिहा, सुधारू नका. अर्ज मी किंवा दुसरा कुणीही वकील त्यावरून तासाभरात करून देईल. तो दोन प्रतींत न्या, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.